दोऱ्याखालचा दाणा

सुधा,

तुझी वही मागच्या बाजूनं उघडली आहे. पुढून तुझी गणितं आहेत, त्या पानांना हात लावायची माझी हिंमत होत नाही. मागची कोरी पानं तू असतास तर मलाच दिली असतीस, किराण्याची यादी लिहायला, नेहमी द्यायचास तशी. म्हणून लिहिते. चौथीपर्यंतचं माझं अक्षर तुला वाचता येत होतं. दुसऱ्या कोणी वाचावं म्हणून हे लिहीत नाही.

परवा तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजींनी वंदना घेतली, मग तुझ्या कॉलेजातले लोक बोलले. कोणी म्हणालं सरांनी कधी आवाज चढवला नाही, कोणी म्हणालं सरांनी फळ्यावरची रेघ कधी पट्टीनं काढली नाही. एकानं तुझ्या संशोधनाचं सांगितलं. ते कळलं ते मला एकटीलाच, असं वाटलं, कारण बाकीचे सतरंजीकडे बघत होते. तो म्हणाला, सरांचा विषय होता वाटणीचा. सपाट जागेवर दोन तऱ्हेच्या वस्तू पसरलेल्या असतील तर एका सरळ रेषेनं दोन्ही एकदम अर्ध्या करता येतात का. मी मागं बायकांमध्ये बसले होते. करता येतात, असं माझ्या तोंडापर्यंत आलं. पदर तोंडावर ओढला.

तू हसला असतास. तुला माहीत आहे मी कशी आहे. एकदा तुझे विद्यार्थी घरी आले होते आणि तू बैठकीतून हाक मारलीस, "आक्का, सूप घेऊन ये गं, ह्यांना दाखव." मी सूप तुझ्या सुनंदाच्या हाती दिलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून बसले, कामात आहे असं वाटावं म्हणून. भिंतीपलीकडून तुझा आवाज येत होता. तू सांगत होतास, ही युक्ती माझ्या बहिणीनं काढली, मी नंतर पुस्तकात बघितली. कोणीतरी विचारलं, त्या किती शिकल्या आहेत. तू म्हणालास, "जात्यापर्यंत." पोरं हसली. मलाही हसू आलं, तिथं मोरीत, एकटीला.

ती जात्याची गोष्ट तू किती जणांना सांगितलीस कोण जाणे. मला ती अशी आठवते. मी नांदायला जाऊन दोन वर्षांत परत आले होते. त्यांनी दुसरी आणली, मला कोणी जा म्हणालं नाही आणि राहाही म्हणालं नाही. तुला जालन्याला नोकरी लागली, सुनंदा शाळेवर जायची, पोरगं लहान होतं, म्हणून तू मला घेऊन आलास. त्याच काळात तू पुढचा अभ्यास धरला होतास. दुपारी मी सुपात तूर निवडत होते. तू आलास, माझ्या सुपात मूठभर ज्वारी टाकलीस, सगळं पसरवलंस आणि गोधडीचा दोरा तोडून माझ्या हातात दिलास. म्हणालास, हा दोरा सुपावर असा ताणून ठेव की इकडं अर्धी ज्वारी, तिकडं अर्धी. आणि तूरही इकडं अर्धी, तिकडं अर्धी. एकच दोरा. दाणे हलवायचे नाहीत.

मी म्हटलं निवडलेली तूर नासवलीस. पण दोरा घेतला.

तुझा चहा संपायच्या आत मी ठेवून दाखवला. तू दाणे मोजलेस, बराबर होते. परत पसरवलेस, मी परत ठेवला. मग तू खाली फरशीवर बसलास.

"कसं केलंस?"

"ज्वारी अर्धी धरून ठेवायची अन् दोरा फिरवत जायचा. ज्वारी सुटू द्यायची न्हाई."

"फिरवून कुठवर?"

"जात्याचा अर्धा फेरा. माय अन् मी समोरासमोर बसून दळायचो न, अर्धा फेरा झाला की खुंटा तिच्याकडून माझ्याकडं यायचा. तसंच. आधी तुझ्या अंगाला तूर जास्त असली, तर अर्ध्या फेऱ्यानं तीच माझ्या अंगाला जास्त होती. मंग मधी कुठंतरी बराबर होऊनच पुढं जावं लागतं."

तू दोरा घेऊन स्वतः अर्धा फेरा फिरवून बघितलास. मला वाटलं काही चुकलं. मग तू म्हणालास, "आक्का, एवढंच आहे गं. हे एवढंच सांगायला माझी पानंच्या पानं जाऊन राह्यलीत."

तेव्हापासून आपलं ते चालू झालं. तू कॉलेजातून यायचास, मी सूप काढायची. दाणे विषम असले की दोरा एका दाण्यावरून जातो, हे तू मला दाखवलंस. मी विचारलं, मग हा दाणा कोणाचा. तू म्हणालास, "दोऱ्याखालचा दाणा कुणाचाच न्हाई. तो मोजायचा न्हाई." मला ते पटलं नव्हतं, पण गणिताचा कायदा असेल म्हणून गप्प बसले.

एका गोष्टीवर मात्र मी गप्प बसले नव्हते. तिसरी वस्तू आली, समजा मूग टाकले, तर एका सरळ दोऱ्यानं तिन्ही अर्धे होतीलच याची हमी नाही, असं तू म्हणायचास. मी म्हणायची, मग दोरा एका जागी वाकव, कोपरासारखा. तू चिडायचास. वाकवायचंच म्हटलं तर काय बी होईल, मग त्यात गंमत काय, म्हणायचास. मी म्हणायची, वावरातला बांध कधी सरळ असतो का. हा वाद कितीतरी महिने पुरला. तू मला मास्तरीणबाई म्हणून चिडवायचास, आणि मी तुझ्या ताटात मुद्दाम मुगाचीच डाळ वाढायची. मग एक दिवस चप्पल काढता काढताच म्हणालास, आक्का, तुझं बराबर होतं, एका कोपरात तीन तऱ्हा अर्ध्या होतात, कोणीतरी सिद्ध केलंय. ज्या तोंडानं भांडलास त्याच तोंडानं सांगितलंस. आपल्या घरात पुरुषमाणूस बाईला तुझं बराबर होतं म्हणतो, हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्यासाठी तुझी जन्मभर ऋणी आहे, आणि हे पहिल्यांदा लिहिते आहे.

आता ते दुसरं लिहायला पाहिजे. त्यासाठीच वही उघडली होती, आणि कोपरात नि मुगात वेळ घालवते आहे.

बाबा गेले तेव्हा तीर्थपुरीचं आपलं चार एकर वावर दादा आणि तुझ्यात वाटायचं ठरलं. दादा अंकुशनगरला कारखान्यावर कामाला होता, सुट्टी काढून आला. वावर तुला माहीत आहे, लिहायची गरज नाही, पण लिहिताना ते डोळ्यांपुढं येतं म्हणून लिहिते. ओढ्याच्या अंगाला काळी, वर मुरमाड, आणि काळी पण एका पट्ट्यात नाही, जीभ काढल्यासारखी मुरमात घुसलेली. सरळ मध्ये बांध घातला असता तर एकाला काळी जास्त गेली असती. दादा म्हणाला, पंच बसवू. तू म्हणालास, पंच कशाला, माझं शिक्षण कशासाठी आहे.

तू दोरीनं सगळ्या वावराचे सारखे चौकोन पाडलेस. कागदावर उतरवलेस. एकेक चौकोन अडीच गुंठ्यांहून थोडा मोठा. मग ओसरीवर सूप घेतलं, काळ्या चौकोनाला तूर, मुरमाड चौकोनाला ज्वारी. पंचवीस तुरी, छत्तीस ज्वारी. सुपात आपलं वावर मांडलं. ओढ्याचं वळण तू काळ्या दोऱ्यानं दाखवलंस. आणि मला म्हणालास, आक्का, तूच लाव.

मीच लावला, सुधा. ज्वारी अर्धी धरून फिरवत गेले. अठरा-अठरा ज्वारी, बारा-बारा तुरी, आणि पंचविसावी तूर दोऱ्याखाली. वावरातल्या चिंचेच्या खालच्या अंगाला तो चौकोन येत होता. दादानं वाकून बघितलं. तो बोलायला कडक, पण समाधानी झाला. म्हणाला, असं असंल तर पंचाला बोलवायचं काम न्हाई. आणि वावराकडं निघून गेला.

ओसरीवर आपण दोघंच राहिलो. दुसऱ्या दिवशी घनसावंगीला कचेरीत जायचं होतं. बहिणीची सही लागते, हे दादानं आल्या आल्याच सांगितलं होतं. बहिणीला हक्क आहे म्हणून सही लागते, आणि तो हक्क सोडते म्हणून सही लागते. सगळ्या गावात सगळ्या बहिणी करतात. मीही करणारच होते. फक्त एक माझ्या मनात होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

मला वावर नको होतं. त्या चार एकरांत कुठंतरी एक खोली बांधण्यापुरती जागा माझ्या नावावर पाहिजे होती. जिथून मला कोणी जा म्हणणार नाही आणि कोणी राहा म्हणायची पण वाट बघावी लागणार नाही. एवढी जागा. एक चौकोन. तुझ्या घरात मला काही कमी नव्हतं, सुनंदानं कधी वाकडा शब्द काढला नाही. पण तुझं घर तुझं होतं.

हे सरळ म्हणायला किती शब्द लागतात. आता लिहून बघितलं तर दोन ओळी. तेव्हा ते तोंडातून निघेना. म्हणून मी सुपाकडं बघत म्हणाले, "सुधा, वाटेकरी तीन असले तर निघतील का रे?"

तुझा चेहरा उजळला. तो चेहरा मी कधी विसरणार नाही. एवढ्या वर्षांत मी तुला पहिल्यांदाच आपणहून गणितातलं विचारलं, असं तुला वाटलं असणार.

"निघतात, आक्का. तेच तर सांगतो. वस्तू तीन झाल्या की सरळ दोऱ्याची हमी न्हाई, पण वाटेकरी तीन झाले तर काही अडत न्हाई. जमीन दोन तऱ्हेची असली न, मंग वाटेकरी तीन असू दे, पाच असू दे, सगळ्यांना काळी बी बराबर, मुरमाड बी बराबर. अन् कुणाच्याच वाट्याला खाच पडत न्हाई."

आणि तू मला करून दाखवलंस. एका ठिकाणाहून तीन दोरे काढलेस, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे. पाऊण तास गेला असेल. मीही हात लावला, एका जागी तू अडलास तेव्हा दोरा मी सरकवला. आठ-आठ-आठ तुरी, बारा-बारा-बारा ज्वारी, आणि परत एक तूर दोऱ्याखाली. आपल्याच वावराचे तीन वाटे सुपात पडले. तिसरा वाटा चिंचेच्या अंगाचा, ओढ्याला टेकलेला. मी त्याच्याकडं बघत राहिले. मनात म्हटलं, आता ह्याला कळेल. आता हा मान वर करील. तूही सुपाकडं बघत होतास, पण तू दोऱ्यांकडं बघत होतास.

मग तू दोन दोरे उचललेस, एक पुन्हा पहिल्या जागी ताणलास, आणि विचारलंस, "तुला कुठून सुचलं हे?"

"काही न्हाई," मी म्हटलं. "असंच."

झालं. माझं मागणं तिथं संपलं. मी तुला गणितात मागितलं आणि तू गणितात दिलंस, अगदी बराबर, एक दाणाही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाकावर दादा, तू, दोन साक्षीदार, तलाठी, लिहिणारा, आणि कोण कोण. मी एकटी बाई. लिहिणाऱ्यानं कागद माझ्यापुढं सरकवला. तू तो हळूहळू वाचून दाखवलास. मला वाचता येत होतं, तरी तू वाचलास, आणि शेवटी विचारलंस, "आक्का, तुझी मर्जी आहे न?"

विचारलंस हे खरं. दादानं विचारलं नसतं. पण आठ माणसं माझ्या तोंडाकडं बघत असताना विचारलंस. मी मोरीत नळ सोडून बसणारी बाई. मी मान हलवली. तुझ्याच पेनानं सही केली. संध्याकाळी दादानं साडीचोळी केली, पोपटी साडी. बहिणीनं हक्क सोडला की साडीचोळी करायची रीत आहे. तू त्या साडीला हात लावून म्हणालास, रंग चांगला आहे. मी ती एकदाच नेसले.

मग खुंट्या ठोकल्या. तू एका टोकाला दोरी धरलीस, दुसऱ्या टोकाला मी. चुन्याची फक्की दादानं ओढली. आपला बांध सगळ्यांच्या बांधांना सोडून तिरपा गेला. शेजारचे बघायला आले, म्हणाले, मास्तर, हा बांध आहे का पायवाट. दादानं त्यांना सुनावलं, "आमचा मास्तर तिरपा चालतो, पण बराबर चालतो." सगळे हसले. तू पण. मी दोरीचं टोक धरून पंचविसाव्या चौकोनात उभी होते. बांध त्याच्यावरूनच जाणार होता.

आणि वाटे उचलायची वेळ आली तेव्हा तू रीत पाळलीस. जो वाटे घालतो त्यानं शेवटी उचलायचं. दादा म्हणाला, तू धाकटा, आधी तू घे. तू म्हणालास, वाटे मी घातलेत, आधी तू. दादानं चिंचेच्या अंगाचा वाटा उचलला. उरलं ते तू घेतलंस, दोन्ही सारखेच होते म्हणून तुला काही वाटलं नाही. मला वाटलं, वाटे तर मी घातले होते.

तेव्हापासून तू दुसऱ्या कॉलेजांत जाऊन व्याख्यान द्यायचास, त्यात आपल्या वावराचा दाखला द्यायचास. गणितानं दोन भावांचं भांडण मिटवलं म्हणून सांगायचास. खरंच मिटवलं. दादा आणि तू शेवटपर्यंत एका शब्दानं भांडला नाहीत. विहारात समतेवर बोलायला उभा राहायचास तेव्हाही तेच सांगायचास. मी बायकांच्या ओळीत बसून ऐकायची. मला राग येत नव्हता. राग यायला दुसऱ्याला माहीत असावं लागतं की त्यानं काय केलं. तुला माहीतच नव्हतं. आणि सांगितलं नाही ते मीच. एवढ्या वर्षांत कितीतरी दुपारी आपण दोघं एका सुपावर वाकून बसलो, एक वाक्य मला बोलता आलं नाही. दर वेळी वाटायचं, आज म्हणीन. मग वाटायचं, आता म्हटलं तर ह्याला केवढं लागेल. एवढा बराबर वागलेला माणूस. त्याचा दाखला मोडेल.

तुला वाचवलं की मला वाचवलं, ते मला अजून कळत नाही.

आता दवाखान्यातलं. तुझ्या छातीला नळ्या लावल्या होत्या तरी तू वही मागवलीस. सुनंदा चिडली, डॉक्टर म्हणाले लिहू द्या थोडं. तू जायच्या आदल्या दिवशी दुपारी सुनंदा जेवायला घरी गेली होती आणि मी तुझ्या पायाशी स्टुलावर बसले होते. तू डोळे उघडून म्हणालास, "आक्का, आपण वावराचे तीन वाटे काढले होते. आठवतं का?"

"आठवतं."

"तवा तू विचारलं होतंस..." आणि तू थांबलास. धाप लागली होती.

 मी उठले, तुझ्या तोंडाला पाणी लावलं, आणि म्हटलं, "बोलू नको. घरी गेल्यावर बघू ते."

तू माझ्याकडं बघितलंस. मग डोळे मिटलेस. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

सुधा, तू काय म्हणणार होतास? गणित सांगणार होतास का? त्या तीन दोऱ्यांचं काही नवीन सुचलं होतं का? की तुला कळलं होतं? बारा-तेरा वर्षांनी, त्या खाटेवर पडल्या पडल्या, कळलं होतं का की मी दाण्यांचं विचारत नव्हते? तू मला विचारायला तोंड उघडलंस आणि मी ते मिटवलं. ज्या दिवसाची वाट बघत होते तो आला आणि मी त्याच्या तोंडाला पाणी लावून त्याला गप्प केलं. सवयीनं. बोलायची वेळ आली की मी उठून काहीतरी काम काढते, तसं.

खोटं कशाला लिहू, पुढची पानं मी बघितली. वर लिहिलं हिंमत होत नाही, पण काल बघितली. शेवटच्या पानावर तीन रेघा आहेत, एका ठिकाणाहून निघालेल्या. ठिपके आहेत, काही भरलेले, काही पोकळ. मी चष्मा लावून ओढ्याचं वळण शोधलं. ते असतं तर मला कळलं असतं की तू आपल्या वावराचं काढलंस. वळण नाही. चिंच नाही. नुसतं गोल आहे, ताटासारखं. ठिपके मोजले, पंचवीस नाहीत. खाली तुझं अक्षर आहे, ते चिन्हांचं आहे, मला वाचता येत नाही. कॉलेजातल्या त्या माणसाला दाखवलं तर तो सांगेल. पण तो गणितच सांगेल, आणि गणितच असेल.

सुनंदा महिनाअखेरीला पुण्याला जाते, पोराकडं. हे घर भाड्याचं, ते सोडायचं. ती म्हणाली, आक्का, तुम्ही बी चला. मनापासून म्हणाली, पण तिथं दीड खोली आहे, आणि ती स्वतःच तिथं कशी राहील या विचारात आहे. दादा परवा कार्यक्रमाला आला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, भाऊ एक गेला, एक आहे. तुझं माहेर काय मेलं का? ओसरीवर खाट टाकू." तोही मनापासून म्हणाला. म्हातारा झालाय, त्याचे हात कापतात. त्याच्या शेजारी त्याची सून बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, सतरंजीचे दोरे ओढत राहिली. तिचा काय दोष.

माझ्या नावाचा एक चौकोन असता तर त्या ओसरीवर मी पाहुणी म्हणून बसले असते, चहा घेऊन उठले असते. आता तिथं खाट राहील आणि खाटेवर मी. तुझा वाटा आता पोराच्या नावावर होईल. तो म्हणतो, सातबाऱ्यावर नाव लागलं की विकून टाकू, वावर बघणार कोण. दादाची पोरं म्हणतात, तो तिरपा बांध मोडून सरळ करू, ट्रॅक्टर वळत नाही. कोणाचंच चूक नाही. तू काढलेली रेघ दोन माणसांसाठी होती, त्यातला एक गेला.

दादा उद्या टेम्पो घेऊन येतो आहे. माझं सामान एक ट्रंक आणि सूप.

आज दुपारी सुनंदा पेटी भरत होती, तेव्हा मी माजघरात सूप घेऊन बसले. पंचवीस तुरी, छत्तीस ज्वारी, जसं होतं तसं मांडलं. ओढ्याचं वळण काळ्या दोऱ्यानं. मग तीन दोरे. एकटीनं करायला फार वेळ लागला, एक सरकवलं की दुसरं बिघडायचं, आणि तू नसल्यानं पलीकडचं टोक धरायला कोणी नव्हतं. तिथं मी लाटणं ठेवलं. शेवटी जमलं. आठ-आठ-आठ, बारा-बारा-बारा. एक तूर दोऱ्याखाली, तीच, चिंचेखालची.

दादानं त्याचा उचलला असं धरलं आणि त्याचे दाणे वाटीत काढले. वाटे मी घातले, म्हणजे मी शेवटी उचलायची. माझ्याआधी तू.

तुझा वाटा सुपात तसाच आहे, सुधा. तू उचलत नाहीस, म्हणून माझी पाळी येत नाही. मी बसले आहे. उन्ह खिडकीतून सरकून सुपावर आलं आहे आणि दोऱ्यांच्या सावल्या दाण्यांवर पडल्या आहेत, कोणता दाणा कोणाचा ते आता नीट दिसत नाही.

आताच सुनंदानं आतून विचारलं, "आक्का, काय करून राह्यल्या एवढा वेळ?"

मी म्हटलं, "काही न्हाई."